विमान उतरेपर्यंत

विमानाला किती तास लागतात असं घरात कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पोरं हसतात. आत्याला काहीही विचारा, लंडनचं तेवढं विचारू नका, असं एकमेकांना सांगतात. हसा म्हणावं. अंतर मला पाठ आहे, मुंबईपासून साडेचार हजार मैल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मैल आपल्या जागी असतात. तास मात्र मी खोटे सांगितले, आणि ते ज्या बाईला सांगितले ती माझी आई होती, उपाशी बसलेली.

आम्ही मढचे कोळी. बाबांची छोटी होडी होती आणि डोल, म्हणजे पाण्याच्या ओढीत बांधायचं पिशवीसारखं जाळं, लावायचं काम. एका ओहोटीला जायचे, पुढच्या भरतीबरोबर परत. रात्र-दिवस असं काही नव्हतं, पाणी म्हणेल ते खरं. आणि आमच्या घरात एक रीत होती, बाबांच्या आईनं घालून दिलेली. होडी बाहेर असेल तोवर घरच्या बाईनं जेवायचं नाही. होडी खाडीच्या तोंडाशी दिसली की मग भात वाढून घ्यायचा. पाणी चालायचं, बाकी काही नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांत हे नव्हतं. शेजारच्या बायका नवरा दर्यावर असताना पोटभर जेवून ढेकर द्यायच्या आणि त्यांचे नवरेही सुखरूप परत यायचे. मी आईला हे बोलून दाखवायचे. ती म्हणायची, "त्यांचं त्या बघतील. तू तुझं पुस्तक वाच."

बाबा चेष्टा करायचे. "म्हावरा जाळ्यात येतो तो ओहोटीनं, हिच्या उपासानं नाय." पण होडीवरून घरी आले की पाय धुवायच्या आधी चुलीशी जाऊन भाताच्या टोपावरचं झाकण उचलून बघायचे. भात हललेला नसला की बाहेर जाऊन पाय धुवायचे. मी लहानपणापासून हे बघत आले, आणि एवढ्या तगड्या माणसाला बायकोच्या रिकाम्या पोटाचा आधार लागतो याची मला चीड यायची.

दादाला दर्या मानवला नाही. त्याला इंजिनाचं वेड. होड्यांना इंजिनं बसायला लागली तेव्हा हा शाळा सोडून तेलाचे हात घेऊन फिरायचा. कुणाचं इंजिन अडलं की आधी याला हाक. मग गोदीत काम शिकला, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी लंडनला जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. लंडन म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक होऊन अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले होते, म्हणून घरातली हुशार मी.

दादाला पोचवायला अर्धा कोळीवाडा सांताक्रूझच्या विमानतळावर लोटला. खाडीपलीकडं वेसाव्याला होडीनं उतरून पुढं भाड्याच्या टेम्पोतून. आईनं पदराखाली नारळ आणला होता. होडी पाण्यात ढकलताना फोडतो तसा तिला तो विमानासाठी फोडायचा होता. दारावरच्या शिपायानं हात जोडून सांगितलं, बाई, इथं नको. मग तिनं तो दादाच्याच बॅगेत कोंबला. लंडनला दादानं त्याची चटणी करून खाल्ली म्हणे.

परतताना टेम्पोत तिनं मला विचारलं, "आता हा खाली कवा उतरणार?"

"बारा-तेरा तास लागतात," मी ऐटीत सांगितलं. "मध्ये दोन-तीन ठिकाणी थांबतं. उद्या दुपारी पोचेल."

घरी आल्यावर मी ताट घेतलं, बाबांनी घेतलं, ती उंबऱ्यात बसून राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "आये, ते विमान आहे. होडी नाही." ती म्हणाली, "घरचं माणूस जमिनीवर नाय ना? मग झालं." दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती जेवली. त्या वेळी तब्येत धडधाकट होती, काही झालं नाही. मी कंपनीत सगळ्यांना हा किस्सा रंगवून सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो.

मग आईला साखरेचा आजार निघाला. बाजारात मासळीची पाटी डोक्यावर असतानाच ती चक्कर येऊन बसली. अंधेरीच्या डॉक्टरनं बजावलं, वेळच्या वेळी जेवायचं, औषध घेऊन उपाशी राहिलात तर जिवाशी खेळ. आईनं मान डोलावली. बाबा तेव्हा दर्यावर जायचे थांबले होते, होडी चुलतभावांकडे गेली होती, त्यामुळं रीतही आपोआप सुटेल असं मला वाटलं. कसली सुटते. दादा पहिल्यांदा सुट्टीवर आला, महिनाभर राहिला, आणि निघायच्या दिवशी त्याला वाढून झाल्यावर आईनं स्वतःचं ताट पालथं घातलं.

मी खूप बोलले. डॉक्टरचा धाक घातला, देवाची शपथ घातली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती एवढंच म्हणाली, "तो उतरला की जेवते."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. दादाच्या तिकिटावर वेळा होत्या, मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटायचं आणि सकाळी आठला लंडन. ते आठ तिकडचे. आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी आईला तिकीट दाखवलं आणि म्हटलं, "बघ, सकाळी आठला उतरतो. छापलंय इथं." शब्दनशब्द खरा होता. आईला वाचता येत नव्हतं, पण छापलेल्या अक्षराचा मान ती ठेवायची.

"मागं तर दुपार झालेली," ती म्हणाली.

"आता विमानं जलद झालीत."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं पाण्याचा हिशोब केलेला माणूस, त्यांना काहीतरी चुकतंय हे कळलं असणार. मी डोळ्यांनी दटावलं तसे ते विडी पेटवायला बाहेर गेले.

सकाळी आठला मी गजराचं घड्याळ तिच्यासमोर धरलं. "उतरला." तिनं आकाशाकडं एकदा बघून हात जोडले आणि ताट वाढून घेतलं. रात्रीचा भात, वर जवळ्याचं कालवण. ती भराभर जेवली. मला इतकं हायसं वाटलं की मीही तिच्या ताटातला घास घेतला. तिकडं माझा भाऊ अजून कुठल्यातरी वाळवंटावरून उडत होता. उरलेले पाच-साडेपाच तास मी कंपनीत टाइप करताना दर पानाला चुकत होते. देवाधर्माचं मला काही नाही, पण तेवढा वेळ कुणाचंच पोट रिकामं नाही हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी डबा न उघडताच घरी आणला. तीन दिवसांनी दादाची पोचल्याची तार आली आणि मी स्वतःला शहाणी म्हणवून घेतलं.

पुढच्या खेपेला दोन-तीन वर्षांनी तेच. तेच तिकीट, तेच आठ, तेच "उतरला". आणि त्या खेपेला विमान उतरलं नाही.

मध्येच एका विमानतळावर काही बिघाड निघाला. सगळ्यांना खाली उतरवून हॉटेलात ठेवलं. माणसांना काही झालं नाही, फक्त एक रात्र मुक्काम. दादा बिचारा शहाणा, आम्ही काळजी करू नये म्हणून तिथनंच तार केली, की वाटेत अडकलोय, सुखरूप आहे, उद्या निघेन. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तार मढला पोचली. मी कंपनीत. पोस्टमननंच ती वाचून आईला सांगितली.

संध्याकाळी होडीतून उतरले तर बाबा धक्क्यावर उभे. एरवी कधी यायचे नाहीत. म्हणाले, "ती जेवत नाय. दुपारपासून औषधपण घेतलं नाय. तूच बघ आता."

आई मागच्या पडवीत बसली होती. मला बघून म्हणाली, "मी भात खाल्ला आणि पोर वाटेत अडकला."

मी तिथंच सांगून टाकलं. मला लपवाछपवी जमत नाही, राग आला की सगळं तोंडावर येतं. म्हटलं, "आये, तू जेवलीस त्याचा काही संबंध नाही. ते आठ तिकडचे होते. विमान तेव्हा हवेतच होतं, मागल्या खेपेलाही हवेतच होतं. खोटं मी बोलले. तुझ्या औषधासाठी बोलले. काय शिव्या घालायच्या त्या मला घाल आणि जेव."

मला वाटलं ती भडकेल. मी त्या तयारीनंच उभी होते. पण ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू गप. खाल्लं कुणी? मी खाल्लं."

तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती का देत नाही हे मला कित्येक वर्षं कळलं नाही.

दादा लंडनला पोचल्याची तार यायला आणखी दोन दिवस लागले. तोवर तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी ओरडले, रडले, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला हात जोडले. तार आली तेव्हा ती वाचून दाखवावी तर आई शुद्धीवर नव्हती. चुलतभावांच्या होडीत घालून तिला वेसाव्याला नेलं, तिथून टॅक्सीनं अंधेरीच्या इस्पितळात. वाचली. पण महिनाभर पडून होती, आणि त्यानंतर मासळीची पाटी तिच्या डोक्यावर कधी चढली नाही. पायातली शक्तीच गेली.

तिच्या खाटेशी बसून मी स्वतःला काय काय बोलले ते माझं मला ठाऊक. आणि तरी खरा घोळ मी पुढंच घातला. दादाचा माझ्या कंपनीत ट्रंक कॉल आला. तीन मिनिटं. पलीकडनं त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, "आई कशी आहे गं?" आणि माझ्यात साचलेलं सगळं त्याच्यावर ओतलं गेलं. मी सगळ्या ऑफिससमोर ओरडले, "तू आलास की परत जातोस, आणि तू गेलास की ती मरायला टेकते. कळलं? नको येऊस."

तो म्हणाला, "बरं." मग कॉल तुटला.

आणि तो यायचा थांबला. भांडण वगैरे काही नाही. पैसे यायचे, नाताळात आईसाठी स्वेटर यायचा, मढला स्वेटर कोण घालतं, तरी ती उशाशी घेऊन झोपायची. येण्याचं मात्र पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी. एक वर्ष, दोन, पाच. लग्नसुद्धा तिकडंच एका मराठी मुलीशी साधेपणानं करून टाकलं. आई विचारायची, "ह्याला रजा मिळत नाय का गो?" मी म्हणायचे, कामं असतात. बाबांना मी फोनवरचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू बोललीस ते खोटं नव्हतं." त्यानं काय होतंय? माझं खरं बोलणं तर खोट्याहून वाईट निघालं होतं. खोट्यानं आई दोन वेळा जेवली तरी होती. मी त्याला लिहायला बसायचे, माफ कर, ये, आणि पुढच्याच ओळीला इस्पितळातली आई आठवून कागद फाडायचे. तो यावा असंही वाटायचं आणि येऊ नये असंही. आईच्या वाटचा मुलगा मी अडवून बसले होते, आणि कुणी मला त्याचा जाब विचारत नव्हतं.

सांताक्रूझहून सुटणारी विमानं मढवरून दर्याकडं जायची. आई पडवीतून मान वर करायची आणि आवाज थांबेपर्यंत खाली करायची नाही. एकदा अशीच मान वर करून ती म्हणाली, "माझ्या उपासाला भिऊन येत नाय ना तो?"

चोराच्या मनात चांदणं.

"त्याला लिही," आई म्हणाली. "म्हणावं, ये. जाशील तेव्हा मी तुझ्यासमोर जेवीन."

त्या रिवाजासाठी ती मरायला निघाली होती, आणि तो तिनं एका वाक्यात सोडून दिला. मी तिथून उठून समुद्राकडं गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. मग घरी येऊन तिचे शब्द होते तसे दादाला लिहिले, खाली माझंही लिहिलं, की त्या दिवशी फोनवर मी चुकले. तो दोन महिन्यांत आला. कानशिलं पांढरी झालेली. फोनचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. फक्त धक्क्यावर उतरल्यावर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "अजून तशीच किंचाळतेस का गं?" मला तेवढं पुरलं.

तीन आठवडे राहिला. आईनं त्याला ताजे बोंबील, मांदेली, निवट्या, जे मिळेल ते खाऊ घातलं. जायचं विमान त्या खेपेला सकाळचं होतं. बाबांना तिथवर जाणं झेपणार नव्हतं, ते घरीच थांबले. आई हट्टानं आली. माझ्या खांद्याचा आधार घेत एक-एक पाऊल टाकत होती, काखेत डबा.

विमानतळावर निरोप देणाऱ्यांना जिथवर जाऊ देतात तिथं एक काच होती. दादा पलीकडं गेला, वळून उभा राहिला. आई या बाजूला खाली फरशीवर बसली आणि डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. येणारे-जाणारे साहेबलोक नाक दाबून बाजूनं जात होते. तिनं घास मोडला, काचेपलीकडं दाखवला आणि तोंडात घातला. मग दुसरा. दादा हसत होता आणि डोळे पुसत होता. तिनं हातानं खुणावलं, जा आता. तो गेला.

तो दिसेनासा झाला तसं तिनं डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकरी तशीच होती. मला म्हणाली, "आता खरं सांग. किती तास?"

"अकरा," मी म्हटलं. "मोठं विमान आहे, मागच्यापेक्षा लवकर जातं. पण अकरा. आपल्या रात्री आठला उतरेल."

"मागं सकाळी आठ सांगायचीस."

"आये, ते मी तेव्हाच तुला—"

"मला ठाऊक होतं गो." ती फरशीकडं बघत होती. "पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हाच सांगितलेलं त्यानं. ‘आये, तू भाकऱ्या भाजून हात धुतेस तवा मी तिकडं अंथरुणात असतो.’ म्हणजे तिकडं सकाळ व्हायची तर आपली दुपार. एवढं मला कळत नाय का? तू ते घड्याळ धरलंस तवा मला ठाऊक होतं, पोर वरच हाय." मग म्हणाली, "पण औषध घेतलं की भूक सोसायची नाय. पोटात आग पडायची. तू ‘उतरला’ म्हणायचीस, मी ऐकायचे."

मी तिला फसवलं म्हणून मी इतकी वर्षं जळत होते, आणि ती जेवली म्हणून ती.

मी तिला उठवलं. टॅक्सीत ती माझा हात धरून होती. वेसाव्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघताना म्हणाली, "मला आता नाय होत. डॉक्टर ओरडतो, त्यालाही शब्द दिलाय. तू बस माझ्या जागी."

मी, कंपनीत तिच्यावर हसलेली, बाबांच्या झाकण उचलण्यावर चिडणारी. मी म्हटलं, "बसते."

घरी आल्यावर तिला वेळेवर ताट वाढलं, औषध दिलं. बाबांनी माझंही पान मांडलं होतं. मी नको म्हटलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि माझं पान उचलून ठेवलं. दुपारी तीनला माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, चारला डोकं दुखायला लागलं. आणि विमान कुठं, तर जेमतेम अर्ध्या वाटेवर. साडेचार हजार मैल मी कितीदा टाइप केले असतील, कितीदा लोकांना ऐटीत सांगितले असतील. ते केवढे असतात हे मला त्या दिवशी कळलं.

दिवेलागणीला आईला पुन्हा भूक लागली. डब्यातली उरलेली अर्धी भाकरी घेऊन ती चुलीशी बसली. प्रत्येक घासाला थांबायची आणि विचारायची, "उतरला का गो?"

"नाही अजून," मी म्हणायचे. "तू जेव."